चार ओळी स्वतःच्या हाताने

आमच्या घरी एक निळी फाईल आहे. मुलीच्या नोकरीच्या अर्जांचे सगळे कागद तिच्यात तारखेप्रमाणे लावलेले आहेत. त्यातला एक कागद माझ्या अक्षरात आहे. तो तिच्या अक्षरात असायला हवा होता. मागच्या वर्षातले बावीस दिवस आम्ही तिघांनी त्या एका कागदाच्या धाकात काढले.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगतो, कारण त्याशिवाय मी काय केलं ते नीट कळणार नाही. आम्ही भोपाळला आलो ते माझ्या नोकरीमुळे, सव्वीस वर्षांपूर्वी. सोनागिरीत राहतो आणि कारखान्याच्या तपासणी विभागात काम करतो. तयार झालेल्या भागांची मापं घ्यायची आणि ती रजिस्टरमध्ये लिहायची, हे माझं काम. मी न घेतलेलं माप मी कधी लिहिलेलं नाही. एकदा पाळी संपायला दहा मिनिटं असताना दोन भाग मोजायचे राहिले होते. बरोबरचा म्हणाला, "आधीचे अठरा बरोबर आहेत, हेही बरोबरच असणार, लिहून टाका." मी थांबून दोन्ही मोजले. बरोबरच निघाले. तरी मला थांबल्याचं वाईट वाटलं नाही. रजिस्टरमुळे माझा हातही चांगला होता. रोज तीस-चाळीस ओळी लिहायचो, सरळ, मोकळ्या, कुठेही खाडाखोड नाही. नव्याने आलेल्यांना माझं रजिस्टर नमुना म्हणून दाखवत असत. याचा मला अभिमान होता, हे कबूल करतो.

मुलगी चोवीस वर्षांची. बी.कॉम. झाली आणि सरकारी दफ्तरातल्या एका जागेसाठी तयारी करत होती. दोनदा थोडक्यात हुकली होती. तिची कॉलेजची दोन वर्षं करोनामुळे घरात, स्क्रीनसमोर गेली. पुढेही फळ्याचा फोटो काढायचा आणि टिपणं फोनमध्ये ठेवायची, अशीच सवय झाली. परीक्षा संगणकावर, अभ्यास संगणकावर. मी एक निरोप वाचून होईपर्यंत तिची तीन उत्तरं गेलेली असतात. लिहायचं असं काही तिला उरलंच नव्हतं.

या नोकरीच्या अर्जात मात्र एक गोष्ट हाताने करायची होती. ठरवून दिलेलं चार ओळींचं इंग्रजी निवेदन पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने, रनिंगमध्ये म्हणजे अक्षराला अक्षर जोडून लिहायचं, खाली सही करायची आणि त्याचा फोटो अर्जाबरोबर चढवायचा. पहिल्या दोन ओळींत अर्जातली माहिती खरी असल्याचं होतं. तिसऱ्या ओळीत हे निवेदन मी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिलं आहे असं होतं. चौथीत, गरज पडल्यास पुरावा दाखवीन.

बाकीचा अर्ज तिने चार दिवस आधी भरून ठेवला होता. लिहायचा कंटाळा, म्हणून हे शेवटी ठेवलं. शेवटच्या दिवशी पाच वाजता अर्ज बंद होणार होता. साडेतीनला ती लिहायला बसली.

तिचं अक्षर बारीक, एकमेकांत घुसलेलं आणि ओळ उजवीकडे वर चढत जाणारी. कागदावर ते कसंबसं वाचता येत होतं. पण फोटोची फाईल पन्नास केबीच्या आत हवी होती, आणि तेवढी लहान केली की सगळ्या अक्षरांची मिळून एक काळी रेघ दिसायची. तिने पाच कागद लिहिले. प्रत्येक कागद आधीच्यापेक्षा वाईट, कारण हात दुखत होता आणि घड्याळ समोर होतं.

चार वाजून बावीस मिनिटांनी मी म्हणालो, "दे इकडे."

"अक्षर तुमचं चालेल?"

"अक्षर कोण बघतंय? मशीन बघतं."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, तिचं तिला लिहू द्या."

"अडतीस मिनिटं राहिलीत," मी म्हणालो.

मी लिहिलं. मोकळं, ठसठशीत. तिने खाली सही केली. फाईल एक्केचाळीस केबीची झाली आणि प्रत्येक अक्षर वाचता येत होतं. पावणेपाचला अर्ज गेला, आम्ही चहा घेतला, आणि तो कागद मी भोकं पाडून फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावला. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही.

हे पूर्ण खरं नाही. सूचनांची पस्तीस पानं मी छापून घेतली होती, वाचली होती, आणि महत्त्वाच्या जागी पेन्सिलने रेघा मारल्या होत्या. निवेदन दुसऱ्याने लिहिल्याचं आढळल्यास उमेदवारी रद्द होईल, या वाक्याखालीही रेघ होती. दुहेरी.

पुढे नऊ महिने गेले. ती पहिली परीक्षा पास झाली, मग दुसरी. दोन्ही संगणकावर. दुसरीचा निकाल आला त्या दिवशी तिने आईला उचलून गोल फिरवलं आणि बायको "अगं पडेन, पडेन" म्हणत रडत होती. आता फक्त कागदपत्रांची तपासणी राहिली होती.

तपासणीचं पत्र मेलवर आलं. जेवताना तिने ते मोठ्याने वाचायला घेतलं आणि मध्येच थांबली. फोन माझ्याकडे सरकवला.

"बाबा, तेरावा मुद्दा वाचा."

उमेदवाराने अर्जासोबतचं निवेदन अधिकाऱ्यासमोर स्वतःच्या हाताने पुन्हा लिहून द्यायचं होतं. ते चढवलेल्या निवेदनाशी ताडून पाहिलं जाणार होतं. काळं पेन आणायला सांगितलं होतं.

बायकोने माझ्या पानात वाढलेली पोळी तशीच राहिली. मी तारीख पाहिली आणि दिवस मोजले. बावीस.

"बावीस दिवसांत शिकता येईल," मी म्हणालो.

"काय?" मुलीने विचारलं.

"माझं अक्षर."

दुसऱ्या दिवशी मी चार रेघी वही आणायला निघालो. सोनागिरीतल्या दोन दुकानांत एकेरीच मिळाल्या. जवाहर चौकात एका जुन्या दुकानात मिळाली. दुकानदाराने वरच्या फळीवरून काढून तिच्यावरची धूळ फुंकरली.

"बच्चा कौन सी क्लास में है?"

"दूसरी में," मी म्हणालो.

"अच्छा है, अभी से डाल दीजिए आदत. बाद में नहीं बैठता हाथ."

या प्रकरणातलं हे माझं दुसरं खोटं. पहिलं त्या चार ओळींचं.

मग मी माझ्या कामाला शोभेल असा तक्ता केला. अक्षराची उंची, कल, दोन शब्दांमधलं अंतर, अक्षरं जोडायची पद्धत. मूळ कागदावर पट्टी लावून मापं घेतली. मुलगी रोज संध्याकाळी कामाच्या टेबलाशी बसून त्या कित्त्यावरून दोन पानं गिरवायची आणि मी दहापैकी गुण द्यायचो. पहिल्या दिवशी तीन. तेव्हाच मला तिची पेन धरायची पद्धत पहिल्यांदा नीट दिसली. अंगठा तर्जनीवर गुंडाळलेला, बोटांची टोकं पांढरी पडलेली. सहा मिनिटांनी ती पेन ठेवून हात झटकायची.

"इतकं दाबू नकोस. पेन आहे, खिळा नाही."

"तुम्हाला सोपं आहे बोलायला. तुम्ही आयुष्यभर हेच केलंय."

पाचव्या दिवशी पाच गुण. आठव्या दिवशी सहा. तिने वही माझ्यापुढे टाकली.

"बोला साहेब, पीस पास की रिजेक्ट?"

"रीवर्क."

"यार बाबा! मतलब एवढं करून रीवर्क?" ती हसली, मीही हसलो. खूप दिवसांनी आम्ही दोघं एका कामावर एकत्र बसलो होतो, आणि ते मला आवडायला लागलं होतं.

बायको शेंगा सोलत बसली होती. ती हसली नाही. "तुम्ही तिला काय शिकवताय, ते एकदा मोठ्याने म्हणा बघू," ती म्हणाली.

"सराव करून घेतोय."

"कसला सराव?"

मी पट्टी उचलून वहीवर ठेवली.

"म्हणा ना. खोटं अक्षर काढायला शिकवताय. आणि वर मार्क देताय."

"आई, प्लीज," मुलगी म्हणाली. "आता हे नको. चौदा दिवस राहिलेत."

बायकोने शेंगांचं ताट उचललं आणि आत गेली. मी त्या दिवसाच्या रकान्यात सहा लिहिलं.

मूळ कागद रोज काढून घालून भोकांपाशी फाटायला आला होता. पुरावा म्हणून तो नीट राहिला पाहिजे असं मला वाटलं. कसला पुरावा आणि कोणाविरुद्ध, याचा मी विचार केला नाही. म्हणून नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, मुलगी उठायच्या आधी मी नवा कित्ता लिहायला बसलो. तेच पेन, तसाच कागद. लिहून झाल्यावर दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले, उजेडात.

जुळले नाहीत.

मला वाटलं घाईत लिहिलं. पुन्हा लिहिलं. ओळ लांब झाली. कल कमी झाला. शब्दाच्या शेवटी अक्षराची शेपटी मी आधी सरळ खाली सोडत असे, ती आता आखडत होती. अकरा कागद लिहिले आणि मुलीला लावतो तोच तक्ता स्वतःला लावला. सगळ्यात चांगल्या कागदाला सात गुण पडले.

मी तिथेच बसून आठवायला लागलो, की या नऊ महिन्यांत मी हाताने लिहिलं काय? अर्ज भरला त्यानंतर महिन्याभरात आमचं शेवटचं रजिस्टर बंद झालं. आता माप टॅबलेटवर भरतो, आकड्यांच्या चौकोनांवर बोट ठेवायचं. सह्या केल्या. दोन पार्सलांवर पत्ते लिहिले. गॅसवाल्याच्या पुस्तकात एकदा तारीख. वाणसामानाची यादीसुद्धा बायको फोनवर पाठवते. सगळं मिळून एक पान भरलं नसतं. मुलीच्या अक्षराला मी कोंबडीचे पाय म्हणत होतो, आणि माझं अक्षर कधी निघून गेलं ते मला कळलंही नव्हतं.

बायको चहा घेऊन आली तेव्हा मी तिला अकराही कागद दाखवले. तिने एकेक उजेडात धरून पाहिला.

"म्हणजे हे आता तुम्हालाही येत नाही."

"नाही."

"आणि ती शिकतेय."

ती चहा ठेवून गेली.

नाश्त्याला मी मुलीलाही ते कागद दाखवले आणि सांगितलं, "हे आपण थांबवू. खरं काय ते तिथे सांगू. मी लेखी देतो की मी लिहिलं होतं, चूक माझी."

तिने चमचा खाली ठेवला. "आणि मग ते काय म्हणतील? अच्छा, कोई बात नहीं, जॉइन कर लीजिए?"

"रद्द होऊ शकतं."

"होऊ शकतं नाही, होणार. तुम्हीच रेघ मारून ठेवलीय ना? दुहेरी? मी पाहिलीय फाईलमध्ये." तिचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त कठीण जात होतं. "लिहिताना तुम्ही ठरवलंत. शिकायचं तुम्ही ठरवलंत. आता सांगायचं, तेही तुम्हीच ठरवणार? नोकरी माझी आहे बाबा."

"अगं, पण—"

"तेरा दिवस आहेत. मला कित्ता द्या. जुना. तुमचा नवा नको, तो चुकीचा आहे."

मी जुना कागद दिला. त्या दिवसापासून ती तिच्या खोलीत दार लावून बसू लागली. मला गुण द्यायला बोलावलं नाही. जेवताना आम्ही मिठाबद्दल, पंख्याच्या आवाजाबद्दल, शेजारच्या बांधकामाबद्दल बोलायचो. कचऱ्याच्या डब्यात रोज रिकाम्या रिफिली दिसू लागल्या. पहिली दिसली तेव्हा मी मनात नोंद केली. चौथ्या रिफिलीला मी मोजणं सोडलं.

मी माझं पत्र लिहिलं. हिंदीत, हाताने, अर्धं पान. अमुक तारखेला अर्जासोबतचं निवेदन वेळेअभावी मी, म्हणजे उमेदवाराच्या वडिलांनी, लिहिलं. नियम मला माहीत होता. उमेदवाराने मला सांगितलं नव्हतं, मीच कागद घेतला. चार खर्डे झाले. आदल्या दिवशी तिच्या दारावर टकटक केलं.

"हे फाईलमध्ये ठेवतोय. द्यायचं की नाही, तू ठरव. मी विचारणार नाही."

तिने पत्र घेतलं, न वाचता फाईलच्या मागच्या कप्प्यात सरकवलं. तिच्या मधल्या बोटावर, पेन टेकतं तिथे, घट्टा पडला होता. मला शाळेत होता तसाच.

तपासणी अरेरा कॉलनीतल्या एका दफ्तरात होती. आम्ही स्कूटरवर गेलो. तिचा नंबर तेवीस. पालकांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. प्रत्येक उमेदवार आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत मी वेळ पाहत होतो. बारा मिनिटं, चौदा, अकरा. तेवीस नंबर आत जाऊन सव्वीस मिनिटं झाली तेव्हा शिपाई दारात आला.

"तेईस नंबर के साथ कौन आया है?"

आत एक बाई बसल्या होत्या, माझ्याच वयाच्या, चष्मा साखळीला लावलेला. मुलगी समोरच्या खुर्चीत. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलावर तीन कागद होते: अर्जातल्या निवेदनाची छापील प्रत, आत्ता लिहिलेला कागद, आणि माझं पत्र.

"बैठिए," बाई म्हणाल्या. "देखिए, ऊपर की दो लाइनें तो मिल रही हैं. बहुत अच्छी मिल रही हैं. तीसरी में लिखाई ही बदल गई. मैंने पूछा, बेटा, तबीयत ठीक है? तो इन्होंने आपका ये पत्र निकाल के दे दिया."

मी तिने आत्ता लिहिलेल्या कागदाकडे पाहिलं. पहिल्या दोन ओळी हुबेहूब माझ्या होत्या, नऊ महिन्यांपूर्वीच्या. तिसऱ्या ओळीच्या मध्यापासून तिचं अक्षर सुरू होत होतं, बारीक, वर चढत जाणारं.

"ये लिखा आपने था?"

"जी मॅडम. मैंने ही लिखा था."

"तो एक काम कीजिए. यही चार लाइनें यहाँ लिख दीजिए."

मी लिहायला बसलो. टेबल उंच होतं आणि पेन त्यांचं होतं, पण ही कारणं मी देणार नाही. मुलगी माझ्या हाताकडे पाहत होती. दुसऱ्या ओळीत एक शब्द अडखळला. लिहून कागद पुढे केला. बाईंनी चष्मा लावला, माझा कागद प्रतीशेजारी ठेवून पाहिला.

"भाईसाहब, बिटिया की दो लाइनें फिर भी मिल रही थीं. आपकी तो वो भी नहीं मिल रहीं."

"मॅडम, नौ महीने पहले की है. तब मैं रोज़ लिखता था."

"और अब?"

"अब टॅबलेट है."

शेजारच्या टेबलावरचा कारकून हसला आणि लगेच संगणकाकडे वळला. बाई हसल्या नाहीत. "मैं तो मान रही हूँ कि आपने ही लिखा," त्या म्हणाल्या. "कोई झूठ में अपना नाम क्यों फँसाएगा? पर मेरे मानने से क्या होता है. मुझे कागज़ ऊपर भेजना है, और कागज़ पर तीन लोगों की लिखाई दिख रही है." मग त्यांनी एक कोरा कागद मुलीकडे सरकवला. "बेटा, अब आप पूरा अपनी लिखाई में लिख दो. जैसी है वैसी. वो भी लगा देती हूँ."

तिने लिहिलं. खोलीत पंखा आणि कारकुनाच्या बोटांचा आवाज. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं नाही. चौथ्या ओळीआधी तिने हात झटकला, पुन्हा पेन उचललं. बाईंनी कागद वाचला आणि एका जागी बोट ठेवलं.

"ये क्या शब्द है?"

मुलीने शब्द सांगितला.

"हाँ. ठीक है. पढ़ने में आ रहा है."

बाहेर आल्यावर तिने हेल्मेट हातातच धरलं. स्टँडमध्ये ऊन होतं. मी काही विचारणार नव्हतो, तसं म्हटलं होतं. ती आपणहून बोलली.

"मला जमत होतं, बाबा. पूर्ण जमलं असतं. घरी मी दहातली दहा काढली होती, चारही ओळी."

"मग?"

"तिसरी ओळ आली. ते, स्वतःच्या हस्ताक्षरात वगैरे. घरी इतक्या वेळा लिहिली, तेव्हा काही नाही वाटलं. तिथे ती मॅडम समोर बसून बघत होती आणि..." तिने बोटं उघडून मिटली. "माहीत नाही. हातच दुखला असेल. आता नका विचारू."

घरी येईपर्यंत ती मागे माझा खांदा धरून बसली होती. एरवी ती सीटचा दांडा धरते.

पाच आठवड्यांनी मेल आली. दोन ओळी, छापील, खाली सहीच्या जागी सहीची गरज नसल्याचा मजकूर. या वेळची उमेदवारी रद्द. लेखी खुलासा विचारात घेऊन पुढील भरतीस बसण्यास हरकत नाही. तिने वाचून दाखवलं, लॅपटॉप मिटला आणि उठली.

मी तोंड उघडलं.

"बाबा, आज काही म्हणू नका," ती म्हणाली. "कल सुन लूँगी."

दुसऱ्या दिवशी मी तिची माफी मागितली. शब्द आधी ठरवून ठेवले होते, ते निम्मेच आठवले. तिने ऐकून घेतलं. "ठीक आहे," म्हणाली, पण ते ठीक व्हायला बराच काळ लागला. एक वर्ष तिच्या आयुष्यातलं गेलं, आणि ते मी अडतीस मिनिटांच्या घाईपायी घालवलं, हा हिशेब मला कसाही मांडला तरी सुटत नाही. बायकोने एकदाही "मी म्हटलं होतं" असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या भरतीचा अर्ज निघाला तेव्हा पहिल्याच दिवशी, बाकी काही भरायच्या आधी, तिने निवेदन लिहायला घेतलं. खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी बाहेर पेपर धरून बसलो होतो. बायको मला म्हणाली, "घड्याळाकडे बघू नका." तरी बघितलं. तेरा मिनिटं.

दार उघडलं. तिने कागद टेबलावर ठेवून फोटो काढला, लहान केला, आणि स्क्रीन डोळ्यांजवळ नेऊन पाहिली.

"किती झाली?" मी विचारलं.

"सत्तेचाळीस."

"वाचता येतंय?"

"येतंय."

मग तिने मूळ कागद माझ्याकडे दिला, फाईलला लावायला. अक्षरं आता एकमेकांत घुसलेली नव्हती. ओळ मात्र उजवीकडे वर चढतच होती. मी ती थोडी जास्त वेळ पाहिली असावी.

"मार्क देऊ नका," ती म्हणाली.

"नाही देत."

मी कागदाला भोकं पाडली आणि तो फाईलमध्ये लावला. त्याच्या आधीचा, माझ्या अक्षरातला, भोकांपाशी फाटलेला कागद तिथेच आहे. तो मी काढलेला नाही.